शीआन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शाळेच्या इतिहासात भेटलेला ह्युएन त्संग ज्या शहरातून भारताकडे निघाला आणि सोळा-सतरा वर्षांनी, 645 साली, जिथे परतला ते हे शहर. तेव्हाचं चांगआन, आजचं शीआन. शान्शी प्रांताची राजधानी. मातीचे सैनिक, मिंग काळातला अखंड तट, तांग काळातले मनोरे, हजारभर वर्षं जुनी मुस्लिम वस्ती, हे सगळं एका शहरात. चार पूर्ण दिवस ठेवा. तीन दिवसांत धावपळ होते आणि दोन दिवसांत फक्त सैनिक पाहून परतावं लागतं.

भाषेची काळजी जाणाऱ्या प्रत्येकाला वाटते, पण भाषेमुळे सहसा काही अडत नाही. अडतं ते आगाऊ नोंदणी आणि पैसे देणं, या दोन गोष्टींवर. दोन्हींचं काम घरी बसून करायचं असतं. तिथे पोचल्यावर करू म्हणणाऱ्याचे पहिले दीड दिवस वाया जातात.

व्हिसा आणि वेळ

भारतीय पासपोर्टवर चीनला जायला पर्यटक व्हिसा आधी काढावाच लागतो. इंटरनेटवर 240 तासांच्या विनाव्हिसा मुक्कामाचे व्हिडिओ दिसतात. त्या सवलतीच्या यादीत भारत नाही. परदेशात राहणाऱ्या आणि तिथला पासपोर्ट घेतलेल्या मराठी मंडळींनी आपापल्या पासपोर्टचे नियम तपासावेत. घरात दोन प्रकारचे पासपोर्ट असतील तर एकाला व्हिसा लागेल आणि दुसऱ्याला लागणार नाही, असंही होऊ शकतं.

अर्ज ऑनलाइन भरायचा, मग पासपोर्ट केंद्रात द्यायचा. महाराष्ट्रातल्यांना मुंबईचं केंद्र. जाण्यायेण्याचं विमान, हॉटेलचं आरक्षण आणि बँकेचे कागद लागतात. हॉटेल रद्द करता येईल असंच बुक करा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने आणि दोन कोरी पानं असू द्या. मुंबई-पुण्याहून शीआनला थेट विमान नाही. बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर किंवा हाँगकाँग अशा ठिकाणी बदलावं लागतं, नाहीतर आधी शांघाय किंवा बीजिंग पाहून पुढे रेल्वेने शीआन गाठायचं.

हवा चांगली असते ती मार्चअखेर ते मेचा मध्य, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. त्यातूनही 1 ते 7 ऑक्टोबर आणि 1 ते 5 मे हे दिवस वगळा. अख्खा चीन तेव्हा सुट्टीवर असतो, आणि चिनी नववर्षाच्या आठवड्यातही तीच गत. दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरात येते तेव्हा आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि तिथला उत्तम हंगाम जुळतो. मेच्या सुट्टीत जाणार असाल तर 6 तारखेनंतर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 38 च्या वर जातो आणि तिथल्या शाळांनाही सुट्टी असते. हिवाळा कोरडा, रात्री शून्याखाली, आणि हवेत धुरकं.

निघण्याआधी फोनमध्ये करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट अलीपे, म्हणजे तिथलं फोनवरून पैसे द्यायचं ॲप. ॲप भारतातच उतरवा, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. एक नव्हे, दोन वेगवेगळ्या बँकांची. युपीआय तिथे चालत नाही, रुपे कार्डावर विसंबू नका, आणि रुपयाच्या नोटा बदलून मिळतील हे गृहीत धरू नका. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. नेमकं हेच राहून जातं. मग शीआनच्या नूडल्सच्या दुकानात कार्ड नाकारलं की माणूस अलीपेला दोष देत बसतो.

दुसरं, भारतातलं सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चालू ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. डेटा वेगळ्या ई-सिमवर घेतला तरी चालेल, एसएमएस मात्र यायला हवेत.

अलीपेवर एका व्यवहारात 200 युआनपर्यंत परदेशी कार्डाला जास्तीचं शुल्क लागत नाही, त्यापुढे 3 टक्के लागतात. एक युआन साधारण 12-13 रुपयांचा धरा. हॉटेलचं मोठं बिल म्हणूनच आधीच, भारतातून भरलेलं बरं. वीचॅट, म्हणजे तिथलं व्हॉट्सॲपसारखं ॲप, तेही उतरवून ठेवा. बऱ्याच संग्रहालयांची नोंदणी त्याच्या आतल्या छोट्या ॲपमधून होते, आणि नवं खातं उघडताना कधीकधी आधीपासून वीचॅट वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाची खात्री लागते. म्हणून हे काम महिनाभर आधी करा. याशिवाय 500-600 युआन रोख जवळ असू द्या, त्यात 10 आणि 20 च्या नोटा जास्त. रोख घेणं दुकानदाराला बंधनकारक आहे, पण सुटे असतीलच असं नाही.

गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम चिनी इंटरनेटवर बंद आहेत. हॉटेलच्या वायफायवर ते उघडणार नाहीत. परदेशी कंपनीचं रोमिंग किंवा पर्यटकांसाठीचं ई-सिम घेतलं तर बहुतेक वेळा चालतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर वायफायवर असताना तुमचा व्हॉट्सॲप गप्प आणि इकडे काळजी. नकाशासाठी अमॅप घ्या, कारण गूगलचा नकाशा तिथे जुना आणि सरकलेला दिसतो. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा, म्हणजे मेनूवर कॅमेरा धरला की नेट नसतानाही वाचता येतो.

पॉवर बँकेबद्दल: 28 जून 2025 पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत तिथली थ्री-सी (3C) ही सुरक्षा-प्रमाणनाची खूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ती नसते. शांघायहून शीआनला विमानाने जाणार असाल तर ती सुरक्षा तपासणीतच राहील. रेल्वेच्या तपासणीत फळं कापायची सुरी आणि डिओचे मोठे कॅन काढून घेतात. आपल्याकडच्या जाड गोल पिना तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, चपट्या पिनांचं अडॅप्टर न्या.

नावाचा घोळ

ही अडचण खास आपली. मराठी माणसाच्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, आणि दुसऱ्यात स्वतःचं नाव व त्याला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं. चीनमध्ये रेल्वे, संग्रहालयं, तटाचं तिकीट, जवळपास सगळं पासपोर्टशी बांधलेलं असतं. नोंदणी करताना मधलं नाव गाळलं की तिकीट तुमचं नाही असं यंत्र ठरवतं. सोपा नियम असा: पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यातल्या वरच्या ओळीत नाव ज्या क्रमाने आणि ज्या स्पेलिंगने आहे तसंच भरा. आधी आडनाव, मग बाकीचं सगळं. एकाच फोनवरून कुटुंबातल्या पाच जणांची नोंदणी करता येते. पाचही पासपोर्टांचे नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, तिकीट भरताना मुदतीचं घड्याळ चालू असतं.

फिरताना मूळ पासपोर्ट अंगावर हवा. झेरॉक्सवर तटावरही सोडत नाहीत.

पोचणं आणि राहणं

विमानतळ शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. मेट्रोची 14 नंबरची लाइन शीआनच्या उत्तर स्टेशनाशी नेते, तिथून 2 नंबर थेट शहराच्या मध्यात, घंटा मनोऱ्याखाली. बीजिंग किंवा शांघायहून वेगवान रेल्वेही याच उत्तर स्टेशनावर येते. बीजिंगहून साडेचार ते सहा तास लागतात. तिकिटं 15 दिवस आधी खुली होतात. वेगळं कागदी तिकीट नसतं, पासपोर्टच तिकीट. स्वयंचलित दरवाजाने पासपोर्ट ओळखला नाही तर गोंधळू नका, कडेला माणूस बसलेला दरवाजा असतो. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि मग कुणाच्या बापाचं चालत नाही, म्हणून तासभर आधी स्टेशनात असा. शहरात ‘शीआन स्टेशन’ नावाचं जुनं स्टेशन वेगळं आहे, तटाच्या उत्तरेला लागून. तिकिटावर कोणतं आहे ते नीट वाचा.

आणखी एक गफलत. शान्शी नावाचे दोन शेजारी प्रांत आहेत, उच्चारात फरक फक्त सुराचा, रोमन लिपीत एका ‘ए’चा. दोन ‘ए’ असलेला शीआनचा.

राहायला तटाच्या आत किंवा दक्षिण दरवाजाच्या आसपास, 2 नंबरच्या मेट्रोपासून पाच मिनिटांत पोचता येईल असं हॉटेल घ्या. हॉटेल पोलिसांकडे तुमची नोंद आपणहून करतं. नातेवाइकांकडे किंवा मित्राकडे उतरणार असाल तर 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत ती स्वतः करावी लागते.

मेट्रोचं भाडं 2 युआनपासून सुरू होतं. अलीपेमध्ये ‘ट्रान्सपोर्ट’ उघडून शीआन शहर निवडलं की क्यूआर कोड येतो, आत जाताना आणि बाहेर पडताना तोच दाखवायचा. दर वेळी बॅग यंत्रातून जाते. टॅक्सीसाठी अलीपेमधलंच दीदी वापरा, पत्ता टाइप करता येतो आणि भाडं आधी दिसतं.

स्टेशनांची नावं रोमन लिपीतही असतात, आणि इथे मराठी माणसाला थोडा फायदा आहे. रोमन ‘एक्स’ म्हणजे श, ‘क्यू’ म्हणजे छ, ‘झेड-एच’ म्हणजे ‘जीवन’मधला ज. नुसता ‘झेड’ म्हणजे ‘जावई’मधला ज, आणि ‘सी’ म्हणजे ‘चमचा’मधला च, थोडा श्वास सोडून. हिंदी बोलणाऱ्याला हे शेवटचे दोन उच्चार मुद्दाम शिकावे लागतात, आपल्याला ते घरचेच. शहराचं नाव मात्र ‘झियान’ म्हणालात तर टॅक्सीवाला मान हलवेल. शी-आन, दोन्ही तुकडे वरच्या सुरात.

मातीचे सैनिक

मार्च 1974 मध्ये लिनथोंग भागातले शेतकरी विहीर खणत होते, तेव्हा हे सापडले. चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्या कबरीचे हे पहारेकरी. एकंदर 8,000 च्या आसपास असावेत असा अंदाज आहे. उकरून, जोडून उभे केलेले त्याहून बरेच कमी.

तिकीट 120 युआन, दिवस आणि वेळ ठरवून आगाऊ. अधिकृत वीचॅट खात्यावर किंवा मोठ्या प्रवासी ॲपवर पासपोर्ट नंबर देऊन काढा. गर्दीच्या दिवशी रोजचा कोटा संपतो. जागा सकाळी साडेआठला उघडते. पहिलाच गट पकडा. दहा वाजेपर्यंत बसगाड्या येऊन लागतात आणि मग कठड्याशी चार-पाच रांगा.

जायचा रस्ता असा. घंटा मनोऱ्याखालचं स्टेशन जोंगलोऊ. तिथून 6 नंबरने शेवटच्या फांगजिछंगला, मग 9 नंबरने ह्वाछिंगछ् स्टेशनला. बाहेर पडून 602 नंबरची बस. दाराशी पोचायला दीड तास धरा. स्टेशनाबाहेर ‘सैनिक, सैनिक’ म्हणत गाडीवाले अंगावर येतात. त्यांच्या गाडीत बसू नका. सिमेंटचे पुतळे मांडलेल्या बनावट प्रदर्शनात आणि जेड दगडाच्या दुकानात फिरवण्याचा तो जुना धंदा आहे. दीदीची गाडी केली तर नकाशावर संग्रहालयच निवडलंय ना, हे दोनदा बघा.

आत तिकीटघरापासून खड्ड्यांपर्यंत पंधराएक मिनिटं चालायचं. बहुतेक जण सरळ पहिल्या खड्ड्यात शिरतात. सकाळी साडेआठला आलात तर तुम्हीही तेच करा. उशीर झाला असेल तर तिसरा, दुसरा, पहिला असा उलटा क्रम घ्या.

पहिला खड्डा 230 मीटर लांब आणि 62 मीटर रुंद, वर विमानाच्या हँगरसारखं छप्पर. समोरच्या कठड्यावर फोटोसाठी रेटारेटी चालते. तिथे दोन मिनिटं द्या आणि बाजूच्या मार्गाने मागे चालू लागा. सैनिक खाली, जवळपास पाच मीटर खोल, आणि चेहरे डोळ्यांपासून लांब. छोटी दुर्बीण नेली असेल तर तिचं चीज इथे होतं: कुणाच्या मिशा वर वळलेल्या, कुणाची केसांची गाठ उजवीकडे कललेली, एकाच्या चिलखताच्या पट्ट्यांना जोडणाऱ्या दोऱ्यांच्या गाठीसुद्धा कोरलेल्या. पाय भरीव, धड पोकळ, मुंडकं वेगळं करून बसवलेलं. बिनमुंडक्याच्या पुतळ्याच्या गळ्यातलं भोक वरून स्पष्ट दिसतं. अगदी मागे गेलात की दुरुस्तीची जागा लागते. तिथे अर्धे जोडलेले सैनिक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभे, शेजारी घोड्याचा एखादा पाय, तुकड्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या. खड्ड्यातली सगळ्यात बोलकी जागा ही, आणि निम्मे लोक तिथवर येतच नाहीत.

दुसऱ्या खड्ड्यात पाहायला कमी आहे असं वाटतं, कारण बराच भाग मुद्दाम झाकलेला ठेवलाय. हे पुतळे मुळात रंगवलेले होते. हजारो वर्षं दमट मातीत राहिलेला रंगाखालचा लाखेचा थर कोरड्या हवेत काही मिनिटांतच आखडतो आणि रंग घेऊनच गळून पडतो. म्हणून उकरायची घाई नाही. गुडघा टेकून बसलेला धनुर्धर याच खड्ड्यातला. तो काचेच्या पेटीत ठेवलेला असतो, हातभर अंतरावरून बघता येतो. त्याच्या बुटाच्या तळव्यावरचे टाके बघा, टाचेला आणि चवड्याला दाट, मध्ये विरळ. तिसरा खड्डा लहान, सेनापतीचं ठाणं.

आता लोक सर्रास चुकवतात ती गोष्ट. 1980 साली सापडलेले काशाचे दोन रथ, खऱ्याच्या निम्म्या मापाचे, खड्ड्यांपाशी नाहीत. 2021 पासून ते लीशान बागेतल्या वेगळ्या संग्रहालयात आहेत, सम्राटाच्या कबरीच्या टेकाडाजवळ, एखाद-दोन किलोमीटरवर. तिकीट तेच आणि मधली बस फुकट. बसचा थांबा बाहेर पडल्यावर येतो आणि तिथे दुकानांच्या भुलभुलैयात माणूस विसरतो. काहीही करून रथ बघा. त्यातल्या एकाची छत्री कलती करता यायची. कबर मात्र उघडलेली नाही, टेकाड बाहेरूनच बघायचं.

वाटेतला ह्वाछिंग राजवाडा, गरम पाण्याच्या झऱ्यांचा, वेळ उरला तरच. डिसेंबर 1936 मध्ये तेव्हाचा चीनचा सत्ताधीश च्यांग काय-शेक याला त्याच्याच सेनानींनी पकडलं ते इथे. त्या प्रकरणात रस असेल तर जा, एरवी 120 युआन आणि अर्धा दिवस तटासाठी ठेवा.

तट, मनोरे, पेठ

तट 13.7 किलोमीटर लांब, 12 मीटर उंच, आणि वरून चार मोटारी शेजारी-शेजारी जातील इतका रुंद. काम 1370 च्या सुमारास सुरू झालं. तिकीट 54 युआन. सायकल वरच भाड्याने मिळते, तीन तासांचे साधारण 45 युआन, आणि एका दरवाजाशी घेऊन दुसऱ्याशी परत करता येते. पूर्ण फेरीला रमतगमत दोन तास. जुन्या विटांवर सायकल खडखडते, पाठीचं दुखणं असेल तर चालत एक बाजू करा. पाऊस असला की सायकली बंद. दक्षिणेचा योंगनिंग दरवाजा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात गर्दीचा. शेजारच्या वनछांग दरवाजाने चढलात तर रांग लहान, आणि उतरल्यावर शिलालेखांचं वन समोरच. तटावर सावली नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी पाचनंतर चढा. सगळ्या चीनची घड्याळं बीजिंगच्या वेळेवर, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. शीआन पश्चिमेला, म्हणून जूनमध्ये आठपर्यंत उजेड असतो.

शिलालेखांचं वन, बेइलिन, 1087 पासूनचा संग्रह. 837 साली 114 शिळांवर कोरलेले कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ इथे उभे आहेत. नकलताना पाठात चुका शिरू नयेत म्हणून प्रमाण प्रत दगडात. 781 ची एक शिळा चीनमधल्या ख्रिस्ती पंथाची आहे, कडेला सीरियाक लिपी. चिनी वाचता येत नाही म्हणून हे टाळू नका. शाईचे ठसे घेणारे कारागीर काम करताना दिसले तर थांबून बघा.

घंटा मनोरा 1384 चा, चौकाच्या मधोमध. रस्ता ओलांडून जाता येत नाही, भुयारी वाटेनेच जायचं. नगारा मनोरा पलीकडे. दोन्हींचं एकत्र तिकीट स्वस्त पडतं, पण आत शिरण्यापेक्षा रात्री बाहेरून बघण्यात जास्त मजा.

नगारा मनोऱ्याच्या कमानीतून पलीकडे गेलात की मुस्लिम पेठ. मुख्य बेइयुआनमन रस्ता पर्यटकांचा: महाग, गोंगाटाचा, डाळिंबाचा पाणचट रस विकणारा. तिथून डावीकडच्या शीयांगशी, मग दापीयुआन, आणि जमलं तर साजिनछियाओ, अशा आतल्या गल्ल्यांत जा. मोठी मशीद शीयांगशीजवळच्या बोळात आहे, तिकीट 25 युआन. घुमट नाही, मिनार नाही, लाकडी चिनी छपरं आणि एकामागे एक चौक. चिनी देवळांचा अक्ष उत्तर-दक्षिण असतो, हिचा पूर्व-पश्चिम, मक्केकडे. नमाजाच्या दालनात बाकीच्यांना प्रवेश नाही.

ह्युएन त्संगचा मनोरा

दायानथा, म्हणजे मोठ्या रानहंसाचा मनोरा, 652 साली त्याच्याच आग्रहावरून भारतातून आणलेले ग्रंथ ठेवायला बांधला. सहाशेवर ग्रंथ होते ते. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या राज्यात, आपल्या मुलखात, येऊन गेलेला हा माणूस. उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोसत नाहीत, असं त्याने इथल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं. मेट्रो 3 किंवा 4 नंबर. मंदिराचं आवार आणि मनोरा चढणं यांची तिकिटं वेगळी. सात मजले, 64 मीटर, जिना अरुंद, खिडक्या लहान. चढला नाहीत तरी चालेल. दक्षिणेकडून सुरू होणारा दातांग बूयेछंग हा दिव्यांचा रस्ता फुकट आहे, आणि शनिवारी संध्याकाळी तिथे तुळशीबाग गणपतीच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी.

लहान हंसाचा मनोरा आम्हाला जास्त आवडतो. 707 चा, झाडांत, शांत. मूळचे पंधरा थर, भूकंपांनी तेरा उरले. शेजारचं शीआन संग्रहालय पासपोर्टवर फुकट, मंगळवारी बंद.

शान्शी इतिहास संग्रहालय सोमवारी बंद. तेही फुकट आहे, आणि म्हणूनच तिकीट मिळणं सगळ्यात अवघड. नोंदणी खुली होते त्या मिनिटाला फोन हातात हवा. नाही जमलं तर पैसे देऊन बघायच्या विशेष दालनाचं तिकीट बघा, त्यावर आत सोडतात. तेही नाही तर सरळ लहान मनोऱ्याला जा. दलालाला पैसे देऊ नका, तिकिटावर पासपोर्ट नंबर तुमचाच लागतो.

खाणं

शाकाहाऱ्यांसाठी शीआन चीनमधल्या बऱ्याच शहरांपेक्षा सोपं, कारण इथलं अन्न गव्हाचं. ल्यांगफी म्हणजे थंड, लुसलुशीत पट्ट्या, त्यावर काकडी, व्हिनेगर, तिखटाचं तेल. त्सायज्यामो म्हणजे भाजलेल्या पावात बटाटा-मिरची-भाज्यांची भर. नावातला ‘त्साय’ भाजीचा, म्हणजे वडापावचा लांबचा नातेवाईकच. ‘रोऊज्यामो’ म्हणालात तर मांस येईल. योफोम्येन म्हणजे नूडल्सवर तिखट आणि लसूण ठेवून वरून कडकडीत तेल ओततात, अगदी फोडणीसारखा चुर्र आवाज येतो. ब्यांगब्यांग नूडल्स वरणफळाएवढ्या रुंद आणि हातभर लांब. त्यांच्यावर बहुधा खिमा असतो, आधी सांगा. तिखट लालभडक दिसतं पण वासाचं जास्त. कोल्हापूरकरांनी घाबरू नये.

सांगायची वाक्यं तीन: ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी. ‘बू याओ रोऊ’, मांस नको. ‘बू याओ जीदान’, अंडं नको. तरी रस्सा हाडांचा असू शकतो, म्हणून रसदार पदार्थांऐवजी कोरडे घ्या. जैन मंडळींनी बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी खानावळ शोधावी. तिथे कांदा-लसूण नसतो, बटाटा मात्र असतो. मुस्लिम पेठेत डुकराचं मांस कुठेच नाही.

मांसाहाऱ्यांनी यांगरोऊ फाओमो खावं, पण रीत ठाऊक हवी. रिकामं वाडगं आणि कडक पाव समोर येतो. पाव तुम्हीच कुस्करायचा, शेंगदाण्याएवढे तुकडे, त्याहून मोठे नकोत. मोठे तुकडे रश्श्यात आतून कच्चे राहतात आणि आचारी नाक मुरडतो. पंधरा-वीस मिनिटं जातात. सगळं टेबल गप्पा मारत हेच करत असतं. मग वाडगं आत जातं आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतं. आपलं वाडगं ओळखायला नंबराचा बिल्ला देतात, तो हरवू नका. सोबतचा गोड मुरवलेला लसूण मध्येमध्ये तोंडात टाकायचा. वाडगं ढवळायचं नाही, कडेने खात जायचं.

नळाचं पाणी पिऊ नका. उकळतं पाणी मात्र स्टेशनात, गाडीत, हॉटेलात सगळीकडे फुकट मिळतं, म्हणून स्टीलची बाटली आणि चहाच्या पुड्या न्या. सार्वजनिक शौचालयं भारतीय पद्धतीची आणि बरीच, पण आत कागद असेलच असं नाही, नि पाण्याचा नळ तर नाहीच. पोलीस 110, रुग्णवाहिका 120.

दिवसांची मांडणी

पहिल्या दिवशी तट आणि बेइलिन, संध्याकाळी मुस्लिम पेठ. दुसऱ्या दिवशी सकाळी सैनिक, परतल्यावर काहीही ठरवू नका, पाय बोलतात. तिसऱ्या दिवशी दोन्ही हंस-मनोरे आणि मिळालं तर इतिहास संग्रहालय. सोमवार-मंगळवारच्या सुट्ट्या बघून हे दिवस पुढेमागे करा. चौथ्या दिवशी तरुणांनी ह्वाशान डोंगर करावा. उत्तर स्टेशनावरून वेगवान गाडीने अर्धा-पाऊण तास, दक्षिण शिखर 2154.9 मीटर. पश्चिमेच्या रोपवेने वर आणि उत्तरेच्या रोपवेने खाली, म्हणजे गुडघे वाचतात. ज्यांना चढ नको त्यांनी त्या दिवशी सकाळी तटालगतच्या बागेत जावं. सातला तिथे म्हातारेकोतारे पाण्याच्या जाड कुंचल्याने फरशीवर अक्षरं काढतात आणि ऊन वर आलं की ती वाळून जातात.